सांजाव, शिरगाव आणि जगभरचे मे-जूनमधील सण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबे संपत आले आणि मृग जवळ आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांजावची, म्हणजे गोव्यातल्या सेंट जॉनच्या सणाची, चौकशी करू लागतात. कोणाला विहिरीतल्या उड्या पाहायच्या असतात, तर कोणी स्वीडनमधल्या मुलीने पाठवलेले फुलांच्या मुकुटाचे छायाचित्र दाखवून ‘हे तुमच्या कोपेलासारखेच दिसते, हे कसे?’ असे विचारतो. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे जगातले सगळे सण यांत मावणार नाहीत. ज्यांचा गोव्यातल्या सणांशी काही धागा जुळतो, तेच मुख्यतः घेतले आहेत.

‘उन्हाळ्याची सुरुवात’ म्हणजे नेमका कोणता काळ?

याचे उत्तर आपण कोठे उभे आहोत यावर अवलंबून आहे. युरोपात मे आणि जून हे उन्हाळ्याचे उंबरठ्यावरचे महिने मानतात. गोव्यात शिमगा सरला की उकाडा सुरू होतो, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी उभा राहतो. म्हणजे युरोपातला माणूस जेव्हा उन्हाळा आला म्हणून नाचू लागतो, तेव्हा आपण उन्हाळा संपला म्हणून सुटकेचा श्वास टाकत असतो. पेरू आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात तर तेव्हा हिवाळा असतो. या पानावर मे आणि जून हे दोन महिने धरले आहेत, मग त्या-त्या देशात हवा कशीही असो.

२१ जूनच्या आसपास वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. मग आपल्याकडे त्या दिवसाचा सण का नाही?

कारण आपल्याला तो मोठा दिवस जाणवतच नाही. गोव्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा असतो, म्हणजे दोहोंतला फरक दोन तासांहूनही कमी पडतो. शिवाय तो मोठा दिवस बहुधा ढगांखाली जातो. स्टॉकहोममध्ये मात्र डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो, आणि जूनमध्ये तोच साडेअठरा तासांवर जातो. सहा महिने अंधारात काढलेल्या माणसाला त्या उजेडाचे केवढे अप्रूप वाटत असेल, याची कल्पना करावी लागते. आपल्याकडे असे अप्रूप पहिल्या पावसाचे असते. आपले लोकाचार उजेडाच्या नव्हे तर पाण्याच्या येण्याभोवती गुंफले गेले, ते याच कारणाने. आपण उत्तरायणाची सुरुवात संक्रांतीला साजरी करतो, पण त्याचा शेवट कोणी साजरा करीत नाही.

सर्वांत मोठा दिवस २१ जूनला, तर मग सांजाव २४ जूनला कसा?

ख्रिस्ती परंपरेत २४ जून हा सेंट जॉन बाप्तिस्त यांचा जन्मदिवस मानला जातो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मरियेला येशूच्या जन्माची वार्ता मिळते तेव्हा तिची नातलग एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर असते, असे सांगितले आहे. त्यावरून जॉनचा जन्म येशूच्या आधी सहा महिने धरला गेला. मग २५ जून का नाही, हा पुढचा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतातच. रोमन लोक तारखा पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून उलट्या मोजत असत. १ जानेवारीपासून, तो दिवस धरून, उलट मोजलेला आठवा दिवस २५ डिसेंबर येतो. १ जुलैपासून तसाच आठवा दिवस मोजला तर २४ जून येतो, कारण डिसेंबर ३१ दिवसांचा आणि जून ३० दिवसांचा. प्राचीन रोममध्ये हेच दोन दिवस अयनबिंदूंचे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांचे, मानले जात. त्यामुळे युरोपातल्या जुन्या सूर्योत्सवांवर आणि शेकोट्यांवर सेंट जॉनचे नाव चढले, आणि पुढे त्याच नावाचा सण जहाजांतून गोव्यात, ब्राझीलमध्ये आणि फिलिपिन्समध्ये पोहोचला. तारीख तशीच राहिली. बाकी जे काही त्या दिवशी करायचे, ते मात्र प्रत्येक ठिकाणच्या हवेने ठरवले.

गोव्यात सांजावला विहिरीत उड्या का मारतात?

याची दोन कारणे सांगतात आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. मरिया एलिझाबेथला भेटायला गेली तेव्हा तिच्या आवाजाने एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, असे शुभवर्तमानात आहे. विहिरीतली उडी ही त्या उडीची आठवण. दुसरे म्हणजे जॉनने यार्देन नदीच्या पाण्यात लोकांना बाप्तिस्मा दिला, म्हणून पाणी. पण ही झाली धर्माची बाजू. गोव्यात २४ जूनच्या सुमारास विहिरी पहिल्या पावसाने भरू लागलेल्या असतात, ओहोळ खळाळू लागतात आणि दोन महिने तळ दाखवणारे पाणी हाताशी येते, ही हवेची बाजूही तितकीच खरी आहे. याच सणाला पोर्तुगालमध्ये शेकोट्या पेटतात. इथे जूनच्या पावसात अंगणात शेकोटी पेटवायला गेलात तर धुराशिवाय काही हाती लागणार नाही.

सकाळी चर्चमधली मीस, म्हणजे प्रार्थना, आटोपली की वाड्यावरचे तरुण घुमट हे मातीचे चर्मवाद्य आणि कांसाळे, म्हणजे झांजा, घेऊन बाहेर पडतात. डोक्यावर कोपेल असते. हा मुकुट रानवेली, पाने आणि पावसाळी फुले यांचा विणतात. वेल आधी डोक्याच्या मापाने दोन-तीन वेढे देऊन गुंडाळायची, मग तिच्या सांदीत पाने व फुले देठांनी खोचत जायची. बांधायला दोरा लागला तर विणणाऱ्याला काही येत नाही असे म्हातारी माणसे समजतात. पहिल्या उडीतच निम्मी फुले विहिरीत राहतात आणि संध्याकाळपर्यंत डोक्यावर नुसती वेल उरते. घोळका ‘व्हिवा सांजाव’ असा गजर करीत घरोघर जातो. ज्या घरी वर्षभरात लग्न झाले किंवा मूल जन्मले, त्या घरी मुक्काम थोडा लांबतो. यजमान फळे आणि फेणीच्या बाटल्या विहिरीत टाकतात आणि उडी मारणारे त्या वर काढतात.

हा जावयाचाही सण आहे, हे गोव्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावला जावयाला सासरी बोलावतात, आणि सासरवाडीच्या विहिरीत त्याने उडी मारावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या दिवाळसणाची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की दिवाळसणाला जावई पाटावर बसून असतो आणि इथे तो मेव्हण्यांच्या देखत ओलाचिंब होतो.

बार्देशातल्या शिवोली गावात याला होड्यांची जोड आहे. आजूबाजूच्या वाड्यांतून सजवलेल्या होड्या गात-वाजवत येतात आणि सेंट अँथनीच्या चर्चजवळ जमतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्याचे गावकरी सांगतात.

पोर्तुगालमध्ये त्या दिवशी काय करतात? सण तेथूनच आला ना?

सण तेथून आला, पण आपला सांजाव पाहिलेल्या माणसाला पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरातला सण ओळखूही येणार नाही. तेथे २३ जूनच्या रात्री सगळे शहर रस्त्यावर उतरते. कोळशाच्या शेगड्यांवर सार्डिन भाजतात. ही आपल्या तारल्यांची जवळची बहीण, तेव्हा गोंयकाराचे नाक तो वास लगेच ओळखेल. लहान शेकोट्यांवरून उड्या मारतात, कागदी कंदील आकाशात सोडतात आणि मध्यरात्री दोरू नदीवर आतषबाजी होते. पूर्वी लोक लसणीच्या जातीच्या पातीचे फुललेले दांडे हातात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लावत असत. १९६०च्या दशकापासून त्यांची जागा वाजणाऱ्या प्लास्टिकच्या हातोड्यांनी घेतली. अनोळखी माणसाने डोक्यावर हातोडा मारावा आणि आपण हसावे, अशी ही एकच रात्र असते.

त्या दिवसांत पोर्तुगालमध्ये ‘मांजेरिकु’ नावाच्या रोपाच्या कुंड्या विकतात, आणि कुंडीत कागदी फूल व चार ओळींची प्रेमकविता खोचलेली असते. हे रोप आपल्या तुळशीच्या कुळातले. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, असा तेथला संकेत आहे. आधी तळहात रोपावरून अलगद फिरवायचा आणि मग तळहाताचा वास घ्यायचा. नाक लावले तर रोप कोमेजते असे मानतात. देवाला वाहायच्या फुलाचा वास न घेण्याचा आपल्या घरातला दंडक ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

लिस्बनमध्ये जूनचा मोठा सण सेंट जॉनचा नसून सेंट अँथनीचा असतो. हे संत लिस्बनचेच. १३ जून १२३१ रोजी त्यांचा पादुआजवळ मृत्यू झाला. म्हणून १२ जूनच्या रात्री शहरातल्या वस्त्यांचे चमू नटूनथटून मिरवणुकीत नाचतात.

स्वीडनमधला मुकुट आणि आपले कोपेल यांचे काही नाते आहे का?

आहे, पण ते दूरचे. दोन्ही सण त्याच दिवसाभोवतीचे आहेत आणि जूनमध्ये दोन्हीकडे हिरवे काहीतरी मुबलक मिळते. स्वीडनमध्ये १९५३ पासून हा सण १९ ते २५ जून यांच्या दरम्यानच्या शुक्रवारी धरला जातो, म्हणजे सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येते. पाना-फुलांनी मढवलेला उंच खांब उभारून त्याच्याभोवती फेर धरतात. त्यातल्या एका नाचात मोठी माणसेदेखील बेडकासारख्या उड्या मारतात. जेवणात मुरवलेले हेरिंग मासे, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी असतात. अविवाहित मुलीने त्या रात्री सात प्रकारची फुले मुकाट्याने तोडून उशीखाली ठेवली तर स्वप्नात भावी नवरा दिसतो, अशी समजूत आहे.

लात्वियातला सण मला गोव्याच्या अधिक जवळचा वाटतो. तेथे २३ जूनला लीगो आणि २४ जूनला याणी म्हणतात. बायका फुलांचे आणि पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, शहाजिऱ्याचे चीज आणि बिअर ठेवून पाहुण्यांची वाट पाहतात, आणि गाणारे जथे घरोघर फिरतात. ज्यांचे नाव यानिस, म्हणजे जॉन, त्यांच्या घरी विशेष थाट असतो. रात्रभर जागायचे आणि शेकोटी विझू द्यायची नाही, हा नियम. फिनलंडमध्ये तळ्यांच्या काठी प्रचंड होळ्या पेटवतात, तर डेन्मार्कमध्ये त्या आगीवर चेटकिणीचा पुतळा ठेवतात. बेलारूस आणि रशिया येथे जुन्या पंचांगामुळे हाच सण ६ आणि ७ जुलैला येतो, आणि युक्रेनमध्येही २०२३ पर्यंत तो त्याच तारखांना येत असे. मुली पेटत्या मेणबत्तीसह फुलांची कडी नदीत सोडतात आणि जोडपी हातात हात घालून आगीवरून उडी मारतात.

या सगळ्यांत लग्न पुन्हा पुन्हा डोकावते. गोव्यात जावई, स्वीडनमध्ये स्वप्नातला नवरा, युक्रेनमध्ये हात न सोडता मारलेली उडी. शेताभाताला जोम येण्याच्या दिवसांत माणसांच्या जोड्यांचीही चिंता लोक करीत आले आहेत.

जेथे जूनमध्ये हिवाळा असतो, तेथे हे सण कसे होतात?

ब्राझीलमध्ये जूनच्या तीन संतांचे, म्हणजे १३ जूनचे अँथनी, २४ जूनचे जॉन आणि २९ जूनचे पीटर यांचे, सण मिळून महिनाभर जत्राच चालते. ईशान्य भागात तो मक्याच्या सुगीचा काळ असतो, म्हणून ताटात मक्याचेच पदार्थ. मक्याचे वाटण त्याच्याच सालींत गुंडाळून उकडलेली ‘पामोन्या’ आपल्या पातोळ्यांची आठवण करून देते. आपण मात्र हळदीची पाने वापरतो. काम्पिना ग्रान्दे आणि कारुआरू ही दोन शहरे आपलाच सण जगातला सर्वांत मोठा, असा दावा दरवर्षी करतात. नाचाच्या मध्यभागी एक लुटुपुटीचे गावठी लग्न लावतात. त्यात नवरा पळून जाऊ पाहतो आणि सासरा त्याला धरून आणतो. इथेही जावईच!

पेरूची कथा वेगळी आहे. कुस्को येथे २४ जूनला होणारा इंती रायमी हा इंका लोकांचा सूर्योत्सव असून तो हिवाळ्याच्या अयनदिनाचा आहे. सूर्य दूर गेलेला असतो आणि त्याने परत यावे म्हणून ही प्रार्थना. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी या उत्सवावर बंदी घातली. १९४४ साली जुन्या बखरींतल्या वर्णनांच्या आधारे तो पुन्हा सुरू झाला आणि आता साक्सायवामान येथील प्रचंड दगडी तटांसमोर केचुआ भाषेत सादर होतो. ज्या राज्यकर्त्यांबरोबर २४ जूनचा संत तेथे आला, त्यांनीच तेथल्या सूर्याचा सण बंद केला, आणि आज तो सूर्य २४ जूनलाच परतला आहे, हे मला विशेष वाटते.

सेंट जॉनचा दिवस पाण्याने साजरा करणारे आपण एकटेच आहोत का?

नाही. फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या सान हुआन शहरात २४ जूनला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर पाणी ओततात. बादल्या, नळ्या, अग्निशमन दलाचे बंब, काही वर्ज्य नसते. तेथेही तेव्हा पावसाळाच असतो. स्पेनमधून सण आला, पण शेकोटी मागे पडली आणि पाणी पुढे आले. गोव्यात झाले तेच, आणि एकमेकांना न विचारता. मात्र कामावर निघालेल्या माणसांची तक्रार तेथे नेहमीची आहे, आणि शासनाला नियम घालावे लागले आहेत.

त्याच दिवशी नुएव्हा एसिहा प्रांतातल्या आलियागा येथे भाविक अंगाला चिखल फासतात, केळीची सुकी पाने पांघरतात आणि ओळखू न येणाऱ्या रूपात मेणबत्त्या मागत चर्चला जातात. वाळवंटात उंटाच्या केसांचे वस्त्र पांघरून राहणाऱ्या जॉनचे हे अनुकरण. चिखल म्हटल्यावर माशेलचा चिखलकाला आठवणे साहजिक आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलात बाळकृष्णाचे खेळ खेळतात. दोहोंत देवाण-घेवाण काहीही झालेली नाही. पावसाळ्यात चिखल सगळीकडे सारखाच असतो.

निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा फक्त शिरगावातच आहे का?

शिरगावची श्री लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात भरते. व्रत करणाऱ्या भक्तांना धोंड म्हणतात. ते काही दिवस सोवळे पाळतात, तळीवर स्नान करतात आणि हातात रंगीत गोंड्यांचा वेत व गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून जत्रेला येतात. त्या रात्री शिरगावच्या वाटेवर घाम, लाकडाचा धूर आणि मोगरा यांचा जो एकत्र वास असतो, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. रात्री होमकुंड पेटवतात आणि पहाटेच्या सुमारास धोंड निखाऱ्यांतून जातात. देवीने रागाच्या भरात आपल्या भावाला, खेतोबाला, लाथ मारली आणि पश्चात्तापाने ती अग्नीतून गेली, अशी आख्यायिका आहे.

स्पेनमधल्या सोरिया प्रांतात सान पेद्रो मान्रिके नावाचे छोटे गाव आहे. तेथे २३ जूनच्या रात्री ओकच्या लाकडाच्या निखाऱ्यांवरून गावकरी अनवाणी चालतात, आणि बहुतेकांच्या पाठीवर एक माणूस बसलेला असतो. ओझ्याने पाय घट्ट दाबून पडतो आणि पोळत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. निखाऱ्यातून उष्णता सावकाश वाहते आणि पाय तेथे क्षणभरच टेकतो, म्हणून हे शक्य होते, असे भौतिकशास्त्र सांगते. पण भाविकाला हे उत्तर पुरत नाही, आणि ते त्याच्यावर लादण्याचे मला तरी कारण दिसत नाही. रेंगाळणारा मात्र दोन्ही गावांत भाजतो.

लईराईच्या बहिणींपैकी एक म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे तेथल्या चर्चमधली मरियामाता, ही श्रद्धा बार्देश व डिचोलीतले हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही जपतात. देऊळ आणि चर्च यांच्यात तेल व फुले यांची देवाण-घेवाण होते.

पुरुमेताचे फेस्त हा सण आहे की बाजार?

दोन्ही. फेस्त म्हणजे चर्चचा सण, आणि ‘पुरुमेत’ हा शब्द बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला. पावसाळ्यात मासेमारी बंद, रस्ते तुटलेले आणि भाजी दुर्मीळ, अशा दिवसांत चार महिन्यांचे सामान आधी भरून ठेवावे लागे. म्हापशात मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी सोमवारी असते, तर मडगावात होली स्पिरिट चर्चचे फेस्त ईस्टरनंतर सुमारे पन्नास दिवसांनी येते. दोन्हींच्या अंगाने हा बाजार भरतो. सुक्या मिरच्यांचे ढीग, आगरातले जाडे मीठ, सोले, चिंचेचे गोळे, सुंगटांची सुकी सोडे, सुके बांगडे, मडकी, सुपे, खोरी. मिरची घेताना एक मोडून बी पाहायची आणि मूठभर हलवून वाजते का ते ऐकायचे. न वाजणारी मिरची ओली असते आणि श्रावणापर्यंत तिला बुरशी येते. आमच्या घरी एकदा घाईने ओली मिरची भरली गेली, तिची आठवण पुढची कित्येक वर्षे माझ्या नावावर काढली गेली.

शीतकपाटाच्या काळात याची गरज उरली नाही, हे खरे. तरी लोक जातात.

सांगोड म्हणजे काय?

२९ जूनच्या सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या फेस्ताला मच्छीमार दोन-तीन होड्या एकमेकींना बांधून, त्यांवर फळ्या टाकून तरंगते व्यासपीठ करतात. त्याला सांगोड म्हणतात. त्यावर चर्चची प्रतिकृती उभारून गाणी व नाटुकली करतात. पीटर स्वतः मच्छीमार होता. गोव्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पूर्वी ही बंदी समुद्रच घालीत असे. होड्या रिकाम्या असतात, म्हणून त्यांचे व्यासपीठ होऊ शकते.

चीनमधला होड्यांचा सणही जूनमध्येच येतो ना?

होय, बहुधा. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या या सणाला ‘दुआनवू’ म्हणतात. चू राज्याचा कवी आणि मंत्री च्यू युआन याने इसवी सनपूर्व २७८ मध्ये मिलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन धावले आणि माशांनी त्याचे शरीर खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला, अशी कथा आहे. ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्यांच्या शर्यती आणि पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात हे त्याचेच अवशेष मानतात. दारावर उग्र वासाच्या वनस्पती लावतात आणि मुलांच्या मनगटाला पंचरंगी दोरा बांधतात, कारण उकाड्यात आजार व किडे वाढतात. २००९ साली युनेस्कोने या सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

कोरियात याच दिवशी ‘दानो’ असतो. बायका वेखंडाच्या पाण्याने केस धुतात आणि उंच झोके घेतात. झोक्यावरून ओडिशातल्या रजपर्वाकडे वळावेच लागते. जूनच्या मध्यावर, मिथुन संक्रांतीच्या आसपास, तीन दिवस पृथ्वी रजस्वला असते असे मानून नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. मुली नवे कपडे घालून झाडांना बांधलेल्या झोक्यांवर बसतात, स्वयंपाकघरातून सुट्टी घेतात आणि आधीच भाजून ठेवलेला ‘पोड पिठा’ खातात. चौथ्या दिवशी पृथ्वीला स्नान घालतात. बाईच्या ज्या दिवसांना एरवी विटाळ म्हणतात, त्यांचाच सण करणारा हा विचार मला या पानावरच्या सगळ्या सणांत अधिक मोलाचा वाटतो.

पावसाला बोलावण्यासाठी होणारा सण कोणता?

थायलंडचा ईशान्य भाग आणि लाओस येथे मे महिन्याच्या सुमारास ‘बुन बांग फाय’ होतो. गावकरी स्वतः दारू भरून मोठाले अग्निबाण तयार करतात आणि आकाशातल्या देवाला पाऊस पाडण्याची आठवण करून देण्यासाठी सोडतात. थायलंडमधल्या यासोथोनचा उत्सव प्रसिद्ध आहे. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. डोक्यावर कडुलिंबाचा पाला घेऊन दारोदार पाणी मागणारी आपल्या देशावरची धोंडी त्यामानाने फारच सौम्य म्हणायची.

या सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात का?

सांजाव, सांगोड, इंती रायमी आणि लात्वियाचा सण यांच्या तारखा ठरलेल्या आहेत. मिलाग्रिस सायबिणीचे व मडगावचे फेस्त ईस्टरबरोबर सरकते. शिरगावची जत्रा, वटपौर्णिमा, चिखलकाला आणि दुआनवू चंद्रावर चालतात. दुआनवू २०२५ मध्ये ३१ मे रोजी होता, तर २०२६ मध्ये १९ जूनला आला. आपल्याकडे २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे वटपौर्णिमा थेट २९ जूनला, म्हणजे सांगोडाच्याच दिवशी आली. प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी पंचांग पाहावे, मागच्या वर्षीची तारीख धरून चालू नये.

सांजाव पाहायला यायचे असेल तर काय पथ्य पाळावे?

ओळखीचे घर गाठावे. सांजाव हा वाड्याचा सण आहे, आणि वाड्यावर बोलावणारे कोणी असेल तरच त्यातले काही कळते. एका हॉटेलातला ‘सांजाव’ मी एकदा पाहिला. तलावाचे पाणी निळे होते, मुकुट प्लास्टिकचे होते आणि गाणी सांजावची सोडून सगळी होती. त्यासाठी गोव्यापर्यंत येण्याची गरज नाही.

विहिरीत उडी मारायचीच असेल तर ज्यांची विहीर त्यांना विचारून, पोहता येत असेल तर आणि फेणी पोटात नसताना मारावी. कठडा शेवाळाने निसरडा असतो, पाण्याची खोली वरून समजत नाही आणि आधीचा माणूस बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, हा वाड्यावरचा जुना नियम आहे. शिरगावच्या जत्रेत २०२५ साली चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. तेथे जाणाऱ्यांनी गर्दीच्या अरुंद उतारावर थांबू नये आणि लहान मुलांना रात्री नेऊ नये.

सांजावचा घोळका आपल्या दारात आला आणि आपण ख्रिस्ती नसलो तर काय करायचे?

दार उघडायचे. गाणे संपेपर्यंत पायरीवर उभे राहायचे, आणि घरात फणस, अननस किंवा शेवटचे मानकुराद आंबे असतील तर ते द्यायचे. फेणी नसली तरी चालते. आमच्या शेजारणी त्यांना सोलकढी देतात आणि ती पातेलेभर संपते. विहीर असेल तर कळशी-दोर बाजूला काढून ठेवावेत आणि पंपाचा खटका आधी बंद करावा.